चेटकिणीची बोटं पसरू नयेत म्हणून

प्रश्न : हॅलोविनच्या पार्टीसाठी चेटकिणीच्या बोटांची बिस्किटं केली, पण भाजताना ती पसरून जाडजूड झाली आणि बदामाची नखंही गळली. काय चुकलं असेल?

उत्तर : बहुधा लोणी फार मऊ होतं. मैदा शिजून घट्ट होण्याआधीच ते वितळलं की आकार जातो. ११५ ग्रॅम थंडसर लोणी (बोटाने दाबल्यास जेमतेम खळगा पडेल असं) आणि ६० ग्रॅम पिठीसाखर नुसती एकजीव करा. फेसाळेपर्यंत फेटलंत तर हवा शिरून बिस्कीट फुगतं. त्यात एका अंड्याचा बलक, १७५ ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर अजिबात नको. गोळा ३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

बोटं १ सेंटिमीटर जाडीचीच वळा. दिसायला काटकुळी वाटली तरी थोडी फुगतातच. पेरांच्या मध्ये हलका चिमटा घ्या आणि सांध्यांवर सुरीने तीन-तीन रेघा ओढा, खोल ओढा, उथळ रेघा भाजताना बुजतात. टोकाला बदाम दाबून बोटं पुन्हा २० मिनिटं फ्रिजमध्ये. ही पायरी गाळू नकाच! मग तापलेल्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला साधारण २० मिनिटं. कडा सोनेरी होऊ लागताच काढा, नाहीतर तो छान प्रेतासारखा फिकटपणा जातो.

नखांचं म्हणाल तर बदाम नुसत्या दाबाने टिकत नाही. बिस्किटं गार झाल्यावर तो उचलून खाली लाल जॅम लावा आणि परत बसवा. कडेने ओघळलेला जॅम रक्तासारखा दिसतो. पाहुण्यांपैकी कुणाला बदामाची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारा. असेल तर भोपळ्याच्या सोललेल्या बिया लावा, हिरवट नखं जास्तच भयानक दिसतात.