मस्कादे ही फ्रेंच व्हाइट वाइन इतकी हलकी आणि आंबटसर का लागते? कशासोबत घ्यावी?

हवामान आणि द्राक्ष, दोन्हींमुळे. ही वाइन लवार नदीच्या मुखाजवळ, नांत शहराच्या आसपास होते. अटलांटिकच्या गार वाऱ्यात मेलाँ द बूर्गोन्य हे द्राक्ष फार गोड होत नाही. आंबटपणा टिकतो, अल्कोहोल साधारण १२ टक्के. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीत तिथले मळे गेले आणि थंडी सोसणारं हे द्राक्ष रुजलं. खरं सांगायचं तर त्याला स्वतःची चव बेताचीच. म्हणून लेबलवर ‘स्यूर ली’ लिहिलेली बाटली बघा: ती वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवून थेट बाटलीत भरतात. त्यानं जरा भरीवपणा येतो, जिभेवर किंचित चुरचुरतंही. कालवांसोबत सर्वांत छान. थंड करा, पण बर्फगार नको.