कोकणात बांबूचं घर बांधलं तर खरंच टिकतं का? किती वर्षं?

टिकतं. "बांबूला भुंगा लागतोच" असं तुमचे काका म्हणतात, हे तुम्ही लिहिलंय म्हणूनच उत्तर द्यायला बसलो. हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून बारा वर्षं ऐकतोय.

आमचं घर कुडाळ तालुक्यात. वैशाखात बहिणीचं लग्न होतं, त्याआधी पुढची पडवी करायची होती. परड्यातलाच माणगा बांबू, चैत्रात तोडलेला. काठ्या महिनाभर वहाळात बुडवून ठेवूया, असं मी म्हणत होतो. दादा म्हणाला, मांडव दारात आलाय आणि तू काठ्या भिजवत बसणार? ओलेच वासे चढले. गणपतीत आरतीचं ताट पडवीत ठेवलं, तर उचलेपर्यंत कुंकवावर पिठासारखी भुकटी. रात्री दिवे मालवले की डोक्यावर करकर चालायची. पाहुण्यांसमोर दादाने सुनावलं, "मियां तुका सांगलेलंय, लोखंडी पायप घाल!"

दोष बांबूचा नव्हता. पावसात यायच्या कोंबांसाठी बांबूचं बेट उन्हाळ्यात पिष्ट साठवतं आणि भुंगा येतो तो त्या पिष्टासाठी. पडवी उतरवली. नव्या काठ्या दिवाळीनंतर तोडल्या, तीन वर्षांच्या वरच्या, अंगावर पांढरे डाग आलेल्या. महिनाभर वाहत्या पाण्यात, मग सावलीत वाळवल्या. पेरांजवळ भोकं पाडून आठवडाभर औषधात ठेवल्या: १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स, २ किलो बोरिक अ‍ॅसिड. खांब चिऱ्याच्या जोत्यावर उभे केले, मातीत पुरले नाहीत. नऊ पावसाळे झाले, एकही वासा बदललेला नाही.

तेव्हा घरातलं कार्य तोंडावर आलंय म्हणून बांबू तोडू नका, मोठं माणूस कितीही घाई करो.

कुडाच्या भिंतींचं म्हणाल तर आजीच्या माजघराला कारवीचा कूड होता, ती दरवर्षी शेणमातीने लिंपायची. लिंपणारे हात घरात असतील तरच करा. न्हाणीघर मात्र चिऱ्याचंच. आणि हो, बोरॅक्स पावसाने धुऊन जातं, त्यामुळे छप्पर भिंतीबाहेर तीन फूट तरी काढा. उघड्यावर भिजणाऱ्या बांबूची हमी मी देणार नाही. तोडीच्या परवानगीची धास्ती असेल, तर २०१७ पासून वन कायद्यात बांबू 'झाड' राहिलेला नाही, आपल्या जमिनीतला तोडता येतो.

दादा रोज संध्याकाळी त्याच पडवीत झोपाळ्यावर बसतो. चूक चैत्रातल्या तोडीची होती, एवढं त्याने अजून एकदाही म्हटलेलं नाही.