पेठेतल्या वाड्यात पहिल्यांदा राहताना

पुण्याच्या जुन्या पेठेतल्या वाड्यात पहिल्यांदाच मुक्काम करायचा म्हणताय? जरूर राहा, आवडेल तुम्हाला. फक्त फोटो बघून लगेच बुकिंग करू नका, नवखे तिथेच चुकतात. आधी फोन करून एवढं विचारा:

- खोली वाड्याच्या आतल्या चौकाकडची (अंगणाकडची) की रस्त्याकडची? चौकाकडचीच घ्या.
- जिना कसा आहे? जुने जिने अरुंद आणि उभे असतात. आईवडील सोबत असतील तर तळमजला मागा.
- गाडी कुठे लावायची? कसबा पेठेच्या बोळात चारचाकी घालू नका, रिक्षाने या.

एरवी मी वरचाच मजला घेतो, कारण लाकडी तक्तपोशीतून, म्हणजे फळ्यांच्या छतातून, वरच्यांचं प्रत्येक पाऊल खाली ऐकू येतं. दारं ठेंगणी असतात, वाकून जा.

आणि सकाळी तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, चक्कर माराच. हातोडीच्या एकेका ठोक्याने तांब्यावर मठार, म्हणजे ठोक्यांची नक्षी, उमटतं, ते जवळून बघा.