सोयाबीनला तणनाशक मारताय? आधी तण उपटून बघा

भाऊ, दुकानात जाण्याआधी एक तण उपटा आणि त्याचा दांडा बोटांत फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर लव्हाळा. गोल, पेरं असलेला दांडा म्हणजे गवत. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत असतात, वरचं जळालं तरी पुन्हा फुटतो. एका फवारणीत संपेल ही आशा सोडा.

उभ्या पिकात इमॅझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं तणनाशक) एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण दोन-चार पानांवर असताना. पाणी २०० लिटर, म्हणजे पाठीवरच्या फवारणीच्या टाकीचे, १५ लिटरचे साधारण १३ पंप, पंपाला ३० मिली. सहा पंपांत एकर उरकायचं आणि मग औषध बोगस म्हणायचं, हे नेहमीचंच! अर्धीच मात्रा पडलेली असते. जमिनीत ओल हवी, वारा पडलेला हवा, नोझल फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा पसरट फवारा देणारं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. उसात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून कपाशीवर नेला, तर पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात.