सहकारी संस्थांच्या निवडणुकांचा ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेच्या राजकारणाशी नेमका काय संबंध असतो?

गावात ही दोन राजकारणं वेगळी असतातच कुठे? बाजार समितीच्या १८ जागा घ्या. ११ सोसायटी मतदारसंघातून, म्हणजे गावोगावच्या शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायट्यांमधून जातात, ४ ग्रामपंचायत सदस्य निवडून देतात. म्हणून ग्रामपंचायत लागली की बाजार समितीचे पुढारी गावात फिरू लागतात. त्यांना तुमच्या गटाराशी देणंघेणं नसतं, उद्याचा मतदार आपल्या गटाचा हवा असतो.

खरं कळतं ते जिल्हा सहकारी बँकेच्या निवडणुकीत. तिथे सोसायटीचा साधा सभासद मत देत नाही. संचालक मंडळ ठराव करून एका माणसाचं नाव पाठवतं, तोच मतदार. शेकडो सभासदांच्या वतीने एक मत. उमेदवाराने तालुक्यातले ठरावधारक तेवढे सांभाळले की झालं. मतदानाच्या आधी त्यांना सहलीला नेतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या सोसायटीत १३ संचालक. सहा इकडे, सहा तिकडे, आणि मधे माझे वडील. ठरावाच्या आदल्या रात्री तालुक्याचे एक पुढारी घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "आण्णा, पोरगं बीकॉम झालंय न्हवं? बँकेत क्लार्कच्या जागा निघत्यात." मी दारातच उभा होतो. वडील म्हणाले, "नोकरीचं त्याचं तो बघंल. ठराव सोसायटीचा हाय, माझ्या घरचा न्हाई." दुसऱ्या दिवशी ठराव समोरच्या गटाकडे गेला. पुढारी मात्र निवडून आले. त्या वर्षी आमच्या सोसायटीचं कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे कुणाला किती कर्ज द्यायचं त्याचा तक्ता, बँकेत अडकून पडलं. ते मंजूर झाल्याशिवाय पीककर्ज मिळत नाही. पेरण्या उरकल्या तरी मंजुरी नाही. लोकांनी खतं व्याजाच्या पैशाने घेतली आणि बोल लावला वडिलांना.

माझे चुलते आजही प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात, "आण्णानं तत्त्वापायी पोराचं वाटोळं केलं. सहकार म्हणजे चोरांचा बाजार, सगळं खासगी करा." मला दोन्ही मान्य नाही. माझं वाटोळं झालेलं नाही. आणि काकांची विहीर, पाइपलाइन दोन्ही सोसायटीच्या कर्जावर झाली, तेव्हा कुठली खासगी बँक आमच्या गावात आली नव्हती. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेचा साखर कारखाना उभा केला तो शेतकऱ्यांच्या शेअर्सवर. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा सभा चालवणारी, हिशेब विचारणारी माणसं खेड्यात होती ती सहकारामुळे, असं माझं ठाम मत आहे. वसंतदादांनी सांगलीचा कारखाना उभा केला. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, त्यांनी मांजरा कारखाना उभा केला. दोघेही मुख्यमंत्री झाले.

बिघडलं ते बँक, कारखाना आणि जिल्हा परिषदेचं तिकीट एकाच घरात गेलं तेव्हा. मग विरोधात बोललं की उसाला तोड मिळत नाही, कर्ज अडतं, गावचा रस्ताही मंजूर होत नाही. २०१३ ला राज्याने कायदा बदलून सहकारी निवडणुकांसाठी वेगळं प्राधिकरण आणलं, पण ठरावाची पद्धत तशीच राहिली. माझ्या मते हा ठराव संचालकांच्या बैठकीत नाही, सर्व सभासदांसमोर व्हायला हवा.

तुम्ही सभासद असाल तर सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेला जा. नुसती सही करून परत फिरू नका. लेखापरीक्षण अहवाल मागा, मागच्या वेळी ठराव कुणाच्या नावाने गेला ते विचारा. निवडणूक लढवायची असेल तर आधी स्वतःचं कर्ज भरा, थकबाकीदाराचा अर्ज छाननीतच उडतो. आणि नोकरीच्या बदल्यात ठराव मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आण्णांनी केलं ते बरोबर होतं.

एक राहिलं, हे सगळं आमच्या ऊसपट्ट्यातलं आहे. कोकणात चित्र वेगळं आहे. नागपूर, वर्धा, बुलढाण्याच्या जिल्हा बँका अडचणीत आल्यावर तिथल्या गावांत काय झालं, ते तिकडच्या कुणीतरी लिहावं.