सगळे रोबो सारखेच का दिसतात?

प्रश्न: रोबोटिक्स स्पर्धेत यंदा जवळजवळ सगळ्यांचे रोबो एकाच साच्यातले, मुलं कॉपी करतात का हो?

उत्तर: थोडी करतात, पण खरी गोम गेममध्येच असते, म्हणजे स्पर्धेत रोबोला दिलेली कामं आणि त्यांचे पॉइंट्स यांत. एकाच कामाला भरपूर पॉइंट्स आणि बाकीच्यांना चिल्लर, मग कोण वेगळं करायला जाईल? याउलट फर्स्ट (FIRST) या अमेरिकन संस्थेच्या रोबो स्पर्धेतला २०१६ चा स्ट्राँगहोल्ड गेम घ्या, त्यात एका अडथळ्याखाली फक्त १६ इंच जागा होती, म्हणजे बुटका रोबो केला तर खालून सुळकन जाता यायचं पण सगळी यंत्रणा त्या उंचीत कोंबायची, उंच केला तर तो रस्ताच बंद. बॉल वरच्या खिडकीत मारला तर ५, खाली ढकलला तर २. साधा ढकलणारा रोबोसुद्धा कामाचा ठरायचा, मला तर तेच जास्त आवडतं.