हरभरा घाट्यावर आलाय आणि उंदीर झाडं कापतायत. वस्तीवर लहान पोरं आणि कुत्री आहेत, म्हणून विष टाकायचं नाही. दुसरा उपाय आहे का?

आहे, पण त्यातलं मोठं काम मे महिन्यातलं आहे. आत्ता जे होईल ते आधी सांगतो. मी चोपड्याकडचा; आमच्याकडे केळीतल्या ठिबकच्या नळ्यांमुळे उंदरांशी बारमाही वैर.

संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू. यात एक गोम आहे. शेतातली घूस स्वतःच बिळाचं तोंड ताज्या मातीने बंद करून घेते. त्यामुळे तोंड बंद आणि वर भुसभुशीत मातीचा ढीग दिसला तर बीळ रिकामं समजू नका, बाई घरातच आहे. ही पोटापुरतं खाऊन थांबत नाही, आत साठा करते. बीळ खणलं की घाटे नाहीतर गव्हाच्या ओंब्या निघतात.

अशा बिळांजवळ आणि उंदरांच्या वाटेवर पिंजरे ठेवा. शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा चालतो. पहिले दोन-तीन दिवस पिंजरा जागेवर ठेवा, पण दार पडणार नाही असं उघडं ठेवून आत नुसतं खाणं ठेवा. नव्या वस्तूला ते बिचकतात. बिळात पाणी सोडून किंवा धूर करूनही ते बाहेर निघतात, फक्त काठी उचलण्याआधी काय निघालंय ते बघा. उंदराच्या बिळात नागही असतो आणि धामणही. धामण बिनविषारी आहे आणि तिचं खाणंच उंदीर. तिला जाऊ द्या.

आता मे महिना. रान मोकळं असतं, खायला फारसं काही नसतं, उंदीर बांधाला येऊन राहतात. तेव्हा खोल नांगरट करून काळ्या जमिनीतल्या भेगा मोडा, बांधावरचे पऱ्हाट्यांचे ढीग हलवा आणि बांध फूटभरापर्यंत अरुंद करा, कारण घुशीला बीळ करायला रुंद बांध लागतो. (बांध छाटताना शेजारी हजर हवा, नाहीतर उंदीर राहतील बाजूला आणि मोजणी आणावी लागेल.) खरी मेख हीच आहे. एकट्याने तुमची तीन-चार एकर साफ केली तर पलीकडचे येऊन राहतात, आणि मादी गाभण राहिल्यापासून तीनेक आठवड्यांत विते. आजूबाजूच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात काम धरलं तरच फरक दिसतो.

घुबडाबद्दल. ज्या इस्रायलचं ठिबक आपल्या जळगाव जिल्ह्यात एवढं गाजलं, तिथे 1983 पासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी पेट्या लावतात. पुढे सीमेपलीकडचा जॉर्डनही त्यात सामील झाला; आपलं मात्र बांधाला बांध लागून असलेल्यांचं एकमत होत नाही! पेटी उंच, निवांत झाडावर किंवा खांबावर बसवा. सोबत शेतात इंग्रजी टी अक्षरासारखे थांबे रोवा, रात्री घुबड त्यावर बसून टेहळणी करतं. पण घुबड आलं म्हणजे पिंजरे गुंडाळून ठेवले, असं करू नका. उंदीर भरमसाट वाढलेले असतील तर एकटं घुबड पुरत नाही. ते संख्या दाबून ठेवायला चांगलं. अपशकुनी म्हणून कोणी हाकलत असेल तर सांगा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आणि तुम्ही पेटी लावली, पण शेजारचा शेतकरी ब्रोमॅडिओलोनच्या (उंदरांच्या विषाच्या) वड्या टाकत असेल तर पेटीचा उपयोग नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो, आणि घुबडाच्या तावडीत तोच आधी सापडतो. तुमच्याकडे कोणी तसं आधीच टाकलं असेल तर मेलेले उंदीर रोज सकाळी हातमोजे घालून गोळा करा आणि विहिरीपासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरा.